मऊ कडा की धारदार कडा? मड क्लायंटमधलं फॉन्ट स्मूदिंग

मडलेट हा मड नावाचे मजकुरी खेळ खेळायचा क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम. त्याच्या सेटिंग्जमध्ये अँटी-अलायसिंग, म्हणजे अक्षरांच्या कडा मऊ करणारं स्मूदिंग, चालू-बंद करायचा एक छोटा चौकोन आहे. त्यासोबतची सूचना थोडक्यात असं सांगते: स्क्रीनचं रिझोल्यूशन जास्त असेल आणि अक्षर मोठं ठेवता येत असेल तर फॉन्ट गुळगुळीत दिसेल, रिझोल्यूशन कमी आणि अक्षर बारीक असेल तर तो धूसर होईल. म्हणजे तीच एक खूण एका खेळाडूचं वाचन सुखाचं करते आणि दुसऱ्याचे डोळे शिणवते. असं का होतं हे नीट समजलं, की त्या चौकोनाशी अंदाजपंचे खेळत बसावं लागत नाही. आणि मड खेळणाऱ्याने ते समजून घ्यावंच असं मला मनापासून वाटतं, कारण या खेळात अक्षरांशिवाय पाहण्यासारखं दुसरं काही नसतं.

ज्यांचा मडशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मड हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, सबंध मजकुरावर चालणारा खेळ. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पहिलं मड लिहायला घेतलं आणि रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे नेलं. तुम्ही उत्तरेला जायची आज्ञा टाइप करायची, सर्व्हरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकाने, पुढच्या खोलीचं वर्णन पाठवायचं. तिथे कोण उभं आहे, दार उघडं आहे की बंद, कुणी तलवार उपसली आहे, सगळं शब्दांत. अकिया, आर्डवुल्फ अशी मडं आजही चालू आहेत आणि लोक त्यात तासन्‌तास रमतात. लढाई जुंपली की ओळींमागून ओळी भराभर वर सरकतात आणि त्यातली कामाची ओळ क्षणात डोळ्यांनी टिपावी लागते.

सर्व्हर पाठवतो ते फक्त इतकंच: हे अक्षर, या रंगात. ते अक्षर कसं दिसावं याबद्दल त्याला काडीची माहिती नसते. तुमचा फॉन्ट कोणता, आकार किती, कडा मऊ की तीक्ष्ण, हे सगळं तुमच्या बाजूला, क्लायंट आणि ऑपरेटिंग सिस्टीम मिळून ठरवतात. एक अपेक्षा मात्र सर्व्हर मनात धरून असतो: प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळेल. ही सवय जुन्या टर्मिनलांपासून, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडलेल्या पडदा आणि कीबोर्डच्या यंत्रांपासून, आलेली आहे. १९७८ सालच्याच व्हीटी१०० टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी असत, आणि मडमधले नकाशे, सामानाचे तक्ते, खेळाडूंच्या याद्या अजूनही रकाने मोजूनच आखलेल्या असतात. स्मूदिंगची सगळी गुंतागुंत या चौकटीतच घडते, म्हणून ती विसरून चालणार नाही.

वळणदार अक्षर, चौकोनी ठिपके

आलेख कागदावर एक गोल काढा. आता नियम असा, की प्रत्येक चौकोन एकतर पूर्ण रंगवायचा, नाहीतर पूर्ण कोरा सोडायचा. चौकोन बारीक असतील तर गोल बऱ्यापैकी गोल दिसेल. मोठे असतील तर कडेला पायऱ्या दिसतील. स्क्रीनचे पिक्सेल म्हणजे हेच चौकोन.

२४ इंची, १९२० बाय १०८० चा साधा मॉनिटर घेतला तर त्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात. विंडोज साधारणपणे इंचाला ९६ पिक्सेल धरून चालते, त्यामुळे १० पॉइंटचा फॉन्ट लावला की अक्षराच्या वाट्याला जेमतेम १३ पिक्सेल उंची येते. त्यात वरची शेंडी, खालची शेपटी, मधली मोकळी जागा सगळं आलं. इंग्रजीतल्या लहान ‘ओ’च्या पोटाला उरतात ७ च्या आसपास पिक्सेल, आणि उभ्या दांड्याची जाडी भरते एका पिक्सेलपेक्षा किंचित जास्त. एवढ्या तुटपुंज्या जागेत वळण बसवायचं आहे.

पूर्वी यावर सरळ उपाय होता: प्रत्येक आकारासाठी प्रत्येक अक्षर माणसाने ठिपका ठिपका लावून काढायचं. व्हीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या मजकूर मोडमध्ये ७२० बाय ४०० पिक्सेलच्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी बसत; म्हणजे अक्षराची खोली, एका अक्षराला मिळणारा चौकोन, ९ बाय १६ ठिपक्यांची. त्या ९ बाय १६ मध्ये कुठला ठिपका लावायचा आणि कुठला नाही, हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं असे. विंडोजमधले फिक्ससिस आणि टर्मिनल हे फॉन्ट याच जातीचे, म्हणजे बिटमॅप फॉन्ट. मशक्लायंट हा निक गॅमन यांनी लिहिलेला विंडोजचा जुना आणि भरवशाचा मड क्लायंट; त्यात फिक्ससिस वापरणारे लोक पुष्कळ. सिस्टीममध्ये स्मूदिंग चालू केलं, खिडकी बंद करून उघडली, तरी खेळाचा मजकूर होता तसाच दिसतो, अशी त्यांची नेहमीची तक्रार असते. त्यात क्लायंटचा दोष काहीच नाही. बिटमॅप फॉन्टमध्ये रेषेचं वळण साठवलेलंच नसतं, फक्त ठिपक्यांची जागा साठवलेली असते. ज्याला मूळ वळणच माहीत नाही, त्याची कड मऊ कशाच्या आधाराने करणार?

अर्थात ठिपक्यांवरच थोडी हुशारी करून पाहण्याचे प्रयत्न झाले होते, आणि त्यातला एक मला फार आवडतो. १९८१ मध्ये आलेल्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकात टेलिटेक्स्टसाठी, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर मजकूर दाखवण्यासाठी, मलार्ड कंपनीची एसएए५०५० नावाची चिप होती. दोन ठिपके तिरके एकमेकांना टेकले, की त्यांच्या सांध्यात ही चिप अर्ध्या ठिपक्याएवढी भर घालत असे. त्यामुळे तिरक्या रेषांवरच्या पायऱ्या निम्म्या होत. करड्या छटा नाहीत, फॉन्टची जास्तीची माहिती नाही, चिपमध्ये बसवलेला एवढाच नियम. घरातल्या टीव्हीवर ते अक्षर वाचायला बरंच सोपं जाई.

पुढे १९९१ मध्ये अॅपलने ट्रूटाइप हे फॉन्टचं नवं तंत्र आणलं, १९९२ मध्ये ते विंडोज ३.१ मध्ये आलं, आणि फॉन्टची फाईल बदलून गेली. आता तिच्यात ठिपके नव्हते, अक्षराच्या बाह्यरेषेचं गणित होतं. त्यातून हव्या त्या आकाराचं अक्षर निघू लागलं. पण शेवटी ते टेकवायचं त्याच चौकोनांवर. पिक्सेलचा मध्यबिंदू बाह्यरेषेच्या आत आला तर पिक्सेल पेटवा, नाहीतर विझवा, असा साधा नियम लावला की पायऱ्या पुन्हा हजर.

स्मूदिंग म्हणजे नेमकं काय केलं जातं

‘पूर्ण किंवा कोरा’ हा नियम सैल करायचा, इतकंच. चौकोनाचा जितका भाग अक्षराखाली येतो, तितकाच रंग त्याला द्यायचा. ४० टक्के झाकला गेला तर ४० टक्के रंग.

एक दांडा अगदी जवळून पाहू. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आहे, स्मॉल ‘एल’चा सरळ उभा दांडा, जाडी १.३ पिक्सेल. तो पिक्सेलच्या कडेला बरोबर चिकटून सुरू झाला तर पहिला पिक्सेल पूर्ण भरतो, म्हणजे २५५ (शून्य म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा). दुसरा ३० टक्के, म्हणजे ७७ च्या आसपास. डोळ्यांना एक स्वच्छ रेघ आणि तिच्या शेजारी पुसट सावली दिसते. आता तोच दांडा दोन अक्षरं पुढे गेल्यावर पिक्सेलच्या ६० टक्के आत सुरू झाला असं धरा. पहिल्या पिक्सेलला ४० टक्के मिळतात, म्हणजे १०२. दुसऱ्याला ९० टक्के, म्हणजे २३०. कुठलाच पिक्सेल पूर्ण पांढरा नाही. अक्षर तेच, ओळ तीच, पण पहिला ‘एल’ ठसठशीत आणि दुसरा लेचापेचा. मजकूर धूसर वाटतो तो यामुळे. गणित चुकलेलं नाही. दांडा जिथे आहे असं फॉन्ट म्हणतो, तिथेच तो इमानदारीने दाखवला आहे. पिक्सेल मात्र तेवढा बारीक नाही.

म्हणून मी स्मूदिंगला सौदा म्हणतो. कडेचा तीक्ष्णपणा द्यायचा आणि बदल्यात आकाराचा खरेपणा घ्यायचा. २७ इंची ४के मॉनिटरवर इंचाला १६३ पिक्सेल असतात. तिथे दांडा दोन-अडीच पिक्सेल जाड होतो, मधला भाग पूर्ण रंगाचा राहतो आणि छटा फक्त काठावर लागतात. हा सौदा फायद्याचा. ९२ पिक्सेलवाल्या स्क्रीनवर दांडा म्हणजे जणू सगळा काठच. तिथे घेण्यापेक्षा देणं जास्त होतं.

या अडचणीवरचा तोडगा म्हणजे हिंटिंग. फॉन्टच्या फाईलमध्येच सूचना लिहून ठेवलेल्या असतात: हा दांडा पिक्सेलच्या कडेला सरकवून बसव, या दोन दांड्यांची जाडी सारखीच ठेव, ‘एम’च्या तिन्ही पायांत समान अंतर राहू दे. काम अतिशय किचकट. म्हणूनच चांगलं हिंटिंग केलेले फॉन्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि बारीक आकारात ते लगेच वेगळे उठून दिसतात. मडलेटसोबत येणारा बिटस्ट्रीम व्हेरा सॅन्स मोनो त्यांच्यापैकी एक. २००३ मध्ये तो सर्वांसाठी मुक्त झाला आणि त्यातूनच पुढे देजाव्हू सॅन्स मोनो वाढला. याउलट कुरियर न्यू. त्याचे दांडे मुळातच इतके बारीक आहेत की स्मूदिंग लावल्यावर अक्षर फिकट करडं होऊन जातं. मडसाठी तो निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका पिक्सेलचे तीन

एलसीडी स्क्रीनवरचा पिक्सेल खरं तर एकसंध चौकोन नसतो. त्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या, म्हणजे सब-पिक्सेल, शेजारीशेजारी असतात. मग प्रत्येक पट्टीला स्वतंत्र चौकोन मानलं तर आडव्या दिशेने तिप्पट बारकावा फुकटात मिळतो. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९८ मध्ये कॉमडेक्स प्रदर्शनात क्लिअरटाइप जाहीर केलं ते याच कल्पनेवर. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ते होतं पण आपोआप चालू नसे. व्हिस्टापासून ते मुळातच चालू येऊ लागलं. व्हिस्टासोबत आलेला लुकास द ग्रूट यांचा कन्सोलास हा फॉन्ट तर क्लिअरटाइप गृहीत धरूनच घडवलेला आहे. म्हणून कन्सोलास लावून स्मूदिंग बंद केलं की तो ओबडधोबड दिसतो. ती जोडी फोडायची नसते.

तीनपैकी एक-दोनच पट्ट्या पेटवल्या की कडेला रंगाची झाक येणार हे उघड आहे. ती लपवण्यासाठी प्रत्येक पट्टीचा उजेड थोडा थोडा शेजारच्या पट्ट्यांत वाटला जातो. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या काळ्या मजकुराला हे छान जमतं. मडमध्ये मात्र गोष्ट वेगळी होते, आणि ही बाजू सहसा कुणी समजावून सांगत नाही.

मडमधला मजकूर रंगीत असतो. शत्रूचं नाव लाल, गप्पांची ओळ हिरवी, पाण्याचं वर्णन निळं. शुद्ध लाल अक्षर काळ्यावर काढायचं म्हणजे हिरव्या आणि निळ्या पट्ट्या पूर्ण विझलेल्याच राहणार. उरली प्रत्येक पिक्सेलमध्ये एकच पट्टी. तिप्पट बारकावा ज्या तीन पट्ट्यांच्या जोरावर होता त्यांतल्या दोन गेल्या. सब-पिक्सेलचा फायदा तिथेच संपला. त्यामुळे एकाच ओळीत पांढरा शब्द रेखीव आणि शेजारचा लाल शब्द किंचित सरकल्यासारखा, हलका वाटतो. डोळ्यांचा नंबर वाढल्याची शंका घेण्याआधी हे तपासून पाहावं.

निळ्याची गत सर्वांत वाईट. पांढऱ्या उजेडात निळ्याचा वाटा सुमारे ७ टक्केच असतो. जुन्या व्हीजीए रंगपटातला गडद निळा, म्हणजे निळ्याची किंमत १७० आणि बाकी दोन शून्य, हा पांढऱ्याच्या अवघा ३ टक्के उजळ असतो. काळ्याशी त्याचा विरोध (कॉन्ट्रास्ट) भरतो साधारण १.६ ला १. वेबवरच्या मजकुरासाठी सुगमतेचे नियम किमान ४.५ ला १ मागतात. आता अशा अक्षराच्या काठावरच्या पिक्सेलला स्मूदिंगने अर्धा रंग दिला, तर तो काठ काळ्यात विरघळूनच जातो. दांडा अर्धा खाल्ल्यासारखा दिसतो. स्मूदिंग बंद करणं हा यावरचा उपाय नव्हे. क्लायंटच्या रंगांच्या सेटिंगमध्ये जाऊन निळा बदला. लाल १००, हिरवा १४०, निळा २५५ असा फिकट निळा ठेवला तर विरोध साडेसहा ला १ च्या वर जातो आणि निळं म्हणून तो ओळखूही येतो.

काळ्या पार्श्वभूमीचा आणखी एक हिशेब आहे. स्क्रीनवर १२८ हा आकडा २५५ चा अर्धा असला, तरी त्याचा उजेड अर्धा नसतो. तो सुमारे २२ टक्केच भरतो. कित्येक प्रोग्राम छटा काढताना या गोष्टीकडे लक्ष न देता सरळ आकड्यांची सरासरी घेतात. परिणामी अर्ध्या झाकलेल्या पिक्सेलला जेवढा उजेड मिळायला हवा त्याच्या निम्म्याहून कमी मिळतो. पांढऱ्यावर काळं अक्षर असेल तर ते त्यामुळे थोडं जाड वाटतं, काळ्यावर पांढरं असेल तर बारीक. तोच फॉन्ट, तोच आकार, वर्ड प्रोसेसरमध्ये भरदार आणि मडमध्ये हडकुळा दिसतो तो यापायी. फॉन्टचा थोडा जाड प्रकार, मीडियम किंवा सेमीबोल्ड, मिळत असेल तर तो लावणं किंवा आकार एक-दोन पॉइंटने वाढवणं हा सोपा इलाज.

सब-पिक्सेलची गृहीतं मोडण्याच्या जागा अजूनही आहेत. मॉनिटर उभा फिरवला की पट्ट्या आडव्या होतात. ओएलईडी मॉनिटरांत तीन रंगांची मांडणी बरेचदा सरळ पट्ट्यांची नसते, मग अक्षरांना हिरव्या-जांभळ्या कडा दिसतात. अॅपलने २०१८ च्या मॅकओएस मोहावेपासून सब-पिक्सेल स्मूदिंग जवळपास सोडूनच दिलं, कारण त्यांच्या दाट पिक्सेलच्या स्क्रीनना त्याची गरज उरली नव्हती. मोहावेनंतर साधा बाहेरचा मॉनिटर जोडणाऱ्यांना मात्र मजकूर एकदम पुसट वाटू लागला.

नकाशातल्या फटी आणि शिरोरेषा

रकान्यांच्या चौकटीकडे परत येऊ. फॉन्टच्या गणितात एका अक्षराची रुंदी ७.८ पिक्सेल निघाली, तर क्लायंटपुढे दोन वाटा असतात. एकतर प्रत्येक अक्षराला पूर्ण ८ पिक्सेल द्यायचे. मग सगळे ‘एल’ एकसारखे दिसतात, कारण प्रत्येक जण आपापल्या खोलीत त्याच जागी उभा असतो. नाहीतर ७.८ ने पुढे सरकत राहायचं. मग मघाशी पाहिलेला ठसठशीत आणि लेचापेचा ‘एल’ यांचा खेळ प्रत्येक ओळीत चालतो. लेख वाचायला दुसरी वाट चालते. मडला पहिलीच हवी.

उभ्या-आडव्या रेषा जोडून काढलेल्या नकाशात हे ढळढळीत दिसतं. समजा, आडव्या रेषेचा एक तुकडा पिक्सेलचा ४० टक्के भाग व्यापून संपला आणि शेजारच्या खोलीतला तुकडा उरलेल्या ६० टक्क्यांवर सुरू झाला. दोघांनी मिळून पिक्सेल पूर्ण झाकला आहे. पण संगणक आधी ४० टक्के रंग चढवतो, मग जे ६० टक्के काळं उरलं त्याचे ६० टक्के रंगवतो, म्हणजे ३६. बेरीज भरते ७६. पूर्ण पांढऱ्या रेषेत दर अक्षरागणिक एक मळका ठिपका पडतो. काही टर्मिनल प्रोग्राम म्हणूनच चौकटी काढायची चिन्हं फॉन्टमधून घेतच नाहीत, खोलीच्या मापाने स्वतः रेघ ओढतात.

मराठी वाचकाला हा ठिपका ओळखीचा वाटेल, कारण शिरोरेषेचं दुखणं अगदी हेच आहे. देवनागरी शब्दाची शिरोरेषा एकसंध दिसते, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं. तुकडे काठाला काठ लावून बसवले तर सांध्यात फिकी फट. म्हणून फॉन्ट घडवणारे ते थोडे एकमेकांवर चढवतात, म्हणजे सांधा भरून निघतो. दुसरी अडचण उंचीची. १३ पिक्सेलच्या अक्षरात शिरोरेषेला एकच पिक्सेल मिळतो. ती पिक्सेलच्या दोन आडव्या रांगांच्या मधोमध पडली तर एका लख्ख रेघेऐवजी दोन करड्या रेघा येतात, आणि शिरोरेषा प्रत्येक शब्दावरून जात असल्याने सगळं पानच मळकट दिसतं. रोमन लिपीत उभे दांडे सांभाळले की बरंचसं भागतं. देवनागरीत आधी आडवी रेषा सांभाळावी लागते. क्लिअरटाइपची तिप्पट बारकाई आडव्या दिशेची असल्यामुळे शिरोरेषेच्या जाडीला तिचा काहीच उपयोग होत नाही. विंडोज २००० सोबत आलेला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. वर रफार-वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, हे सगळं त्या काळच्या विरळ पिक्सेलांच्या स्क्रीनवर वाचता येईल असं बसवणं हे किती अवघड काम होतं, याची कल्पना या हिशेबावरून यावी.

मड क्लायंटमध्ये देवनागरी टाइप केलं की अजून एक गोष्ट आडवी येते. एक चिन्ह म्हणजे एक खोली, हा हिशेब देवनागरीला लागू पडत नाही. ‘क्ष’ संगणकाच्या लेखी तीन चिन्हं आहेत. ‘कि’मधली वेलांटी लिहिली नंतर जाते आणि दिसते आधी. क्लायंट एकेक चिन्ह सुटं काढत असेल तर वेलांट्या विखुरतात. हा प्रश्न अक्षरं जुळवण्याचा आहे, कडांचा नाही. स्मूदिंग चालू करा की बंद, त्यात फरक पडणार नाही.

मग आपण काय करावं

सर्वांत आधी खात्री करा, की जो धूसरपणा दिसतो आहे तो स्मूदिंगचाच आहे. विंडोजमध्ये स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवलं आणि क्लायंट जुना असला, तर विंडोज त्याची अख्खी खिडकी फोटोसारखी ताणून मोठी करते. ओळखायची खूण सोपी: नुसती अक्षरंच नव्हे, बटणं, चिन्हं, खिडकीच्या कडा, सगळंच धुकट दिसतं. अशा वेळी प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कंपॅटिबिलिटीखालचं हाय डीपीआयचं सेटिंग बदलायचं, स्केलिंगचा निर्णय अॅप्लिकेशनवर सोपवायचा, आणि मग फॉन्टचा आकार क्लायंटमधूनच वाढवायचा.

त्यानंतर फॉन्ट. स्मूदिंगच्या आधी फॉन्ट, आणि फॉन्टनंतर आकार. हा क्रम उलटा केला की माणूस चौकोनावर खुणा करत आणि पुसत बसतो. साध्या एचडी मॉनिटरवर बारीक अक्षरच हवं असेल तर चांगला बिटमॅप फॉन्ट घ्या, स्मूदिंगचा विचारच नको. १२ पॉइंट किंवा मोठं अक्षर चालत असेल तर देजाव्हू सॅन्स मोनो किंवा कन्सोलास घेऊन स्मूदिंग चालू ठेवा. ४के किंवा लॅपटॉपची दाट स्क्रीन असेल तर निःशंकपणे चालू ठेवा. तिथे बंद करण्यात काहीच हाशील नाही.

विंडोजमध्ये क्लिअरटाइप टेक्स्ट ट्यूनर नावाची छोटी सोय आहे. स्टार्ट मेनूमध्ये क्लिअरटाइप टाइप केलं की सापडते. ती वेगवेगळे नमुने दाखवून डोळ्यांना बरा वाटेल तो निवडायला सांगते. तिथे नमुने पांढऱ्यावर काळे असतात, मड काळ्यावर असतं, हे लक्षात ठेवून निकाल नेहमी खेळाच्याच खिडकीत बघावा. लिनक्सवर हेच काम फॉन्टकॉन्फिग करतं: स्मूदिंग, हिंटिंग किती, पट्ट्यांचा क्रम कोणता. मी तिथे हलकं हिंटिंग आणि करड्या छटांचं साधं स्मूदिंग सुचवेन. रंगीत मजकुराला सब-पिक्सेलचा फायदा अर्धामुर्धाच मिळतो, मग रंगीत कडांचा त्रास का ओढवून घ्यायचा? टिनटिन++ सारखा क्लायंट टर्मिनलमध्ये चालत असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये शोधू नका. अक्षर काढण्याचं काम टर्मिनल प्रोग्रामचं आहे.

स्मूदिंगमुळे खेळ मंदावतो ही भीतीही आता सोडून द्यावी. अक्षर एकदा काढलं की त्याच्या छटा साठवून ठेवल्या जातात आणि पुढच्या वेळी नुसत्या चिकटवल्या जातात. भराभर सरकणाऱ्या लढाईतही शेवटी तीच शे-दीडशे अक्षरं परत परत येत असतात.

निवड झाली की परीक्षा घ्या. कॅपिटल आय, स्मॉल एल, आकडा एक आणि उभी रेघ एका ओळीत टाइप करा. त्यांच्याखाली कॅपिटल ओ आणि शून्य. त्यांच्याखाली ‘आर’ला चिकटून ‘एन’ आणि शेजारी ‘एम’. हीच ओळ क्लायंटच्या सोळाही रंगांत छापून घ्या. मग खुर्ची मागे ढकलून खेळताना बसता तेवढ्या अंतरावर बसा. ज्या रंगात ‘आर-एन’ आणि ‘एम’ वेगळे ओळखू येत नाहीत, तो रंग किंवा तो आकार बदला. शेवटी एखादी मोठी लढाई लॉगमधून चालवून बघा. सरकत्या ओळींत आपलं नाव डोळ्यांना शोधावं लागत असेल, तर फॉन्ट अजून एक पॉइंटने वाढवा.